लागलेला दिवा म्हणजे बंद

पहिली थोबाडीत बसली तेव्हा माझ्या कानांवर हेडफोन होते, त्यामुळे आवाज काही आला नाही. नुसता गाल तापला आणि खुर्ची गर्रकन फिरली. दुसरी बसायच्या आत मी हेडफोन काढून मांडीखाली घातले. गाल आपोआप बरा होतो, हेडफोन होत नाहीत.

"कुणाला इचारून घातलंस हे नवं सॉफ्टवेअर?" दादा मॉनिटरकडं बोट करून ओरडत होता. "आपलं जुनं कुटं गेलं?"

"आपलं हाय तितंच. हे शेजारी घातलंय."

"काढ आत्ताच्या आत्ता."

"न्हाई काढायचं."

त्यानं माझी वेणी मुठीला गुंडाळली आणि माझं कपाळ टेबलावर आपटलं. कीबोर्डवर रक्ताचे दोन थेंब पडले आणि मला पहिली काळजी कीबोर्डची वाटली, हे आज सांगताना हसू येतं. दारात उस्मान उभा होता, खांद्यावर केबलचं भेंडोळं घेऊन. त्यानं भेंडोळं टाकलं आणि दादाला मागून मिठी मारून खेचलं.

"धीरज, सोड. भन हाय तुझी. मरंल की."

"मरू दे," दादा म्हणाला. पण वेणी सोडली.

ही इचलकरंजीतली गोष्ट. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. वडील मागावर काम करतानाच वारले होते, आई एका शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला जायची, आणि घर चालायचं ते दादाच्या डॉल्बीवर. 'धीरज साऊंड'. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेले खोकेच्या खोके, मागं जनरेटर, आणि वर गॉगल लावून उभा दादा. यंत्रांचं सगळं उस्मान बघायचा. तो दादाचा शाळेपासूनचा जोडीदार, आणि ताशा असा वाजवायचा की वरातीतले म्हातारेही चप्पल काढून नाचायला यायचे. ट्रॉलीवर वाजायची ती गाणी मात्र मी करायची. जुनी गाणी मोडून नव्या ठेक्यावर बसवायची, मधे ताशा घालायचा, लोकांना कुठं थांबवायचं आणि कुठं सोडायचं ते ठरवायचं. आणि प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी दादाच्या जाड आवाजातली हाक असायची: 'डीजे धीरज, इचलकरंजी.' म्हणजे सगळ्या जिल्ह्याला वाटायचं की गाणी तोच करतो. आई म्हणायची, "नाव कुणाचं का असंना, घरातच ऱ्हातंय न्हवं?" मीही तेच म्हणत होते. पाच-सहा वर्षं म्हटलं.

मग कोल्हापूरहून नलवड्यांचा फोन आला. ते मालिकांना पार्श्वसंगीत देत. कुठल्याशा वरातीत त्यांनी माझं गाणं ऐकलं आणि ट्रॉलीपाशी जाऊन विचारलं की हे कुणी केलंय. दादा चहाला गेला होता. उस्माननं माझा नंबर दिला. घराबाहेर हे माहीत असलेला तो एकटाच.

"काम चांगलं आहे तुमचं," नलवडे म्हणाले, "पण तुम्ही ठोकळे रचता, असं ऐकताना कळतं. गंमत म्हणून करायचं असेल तर काही बिघडत नाही. पोटापाण्याला करायचं असेल तर आमच्याकडं सगळं दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालतं. ते शिका. त्यात केलेली तीन कामं घेऊन या, मग बसू."

मी ते घालून घेतलं खरं, पण पंधरा दिवस नुसती रडकुंडीला आले होते. जुन्यात माझी बोटं डोळे मिटून चालायची. दुपारी बसलं की संध्याकाळी गाणं तयार. नव्यात एक साधा ठेका उभा राहीना. सॉफ्टवेअरनं काय होतंय, कान पाहिजेत कान, असं मीच स्वतःला सांगायची आणि परत जुनं उघडायची. खरं सांगायचं तर त्या पंधरा दिवसांत मी ते तीनदा काढून टाकलं आणि तीनदा पुन्हा घातलं.

ठरलं ते उस्मानच्या ताशावरून. जुन्यात मी त्याचा ताशा तुकडे करून चौकटीत बसवायची. टिपरूचा प्रत्येक ठोका जागच्या जागी, आणि ताशा मेलेला. मला वाटायचं की ताशा रेकॉर्ड केला की मरतोच. नव्यात मी त्याचं वाजवणं अख्खंच्या अख्खं पसरलं आणि बाकीच्या गाण्याला त्याच्या मागून चालायला लावलं. तो जरा रेंगाळला की गाणं रेंगाळायचं, तो पेटला की गाणं पेटायचं. अंगावर काटा आला. आपण इतकी वर्षं त्या माणसाचे हातपाय बांधत होतो, असं वाटून वाईटही वाटलं.

दुसरं एक कारण होतं, ते मी कुणाला बोलले नव्हते. जुनं दादाला उघडता यायचं. गाणं करता यायचं नाही, पण आपली हाक त्यात खुपसून गाणं बाहेर काढण्याइतकं तो शिकला होता. नव्यातलं त्याला ओ की ठो कळणार नव्हतं. मी न बोलताच त्याला ते समजलं. दादा काहीही असेल, बावळट नव्हता.

तर त्या दिवशी माझ्या कपाळाला हळद लावून झाल्यावर तह झाला. तह उस्माननं घडवला.

"गणपतीच्या आगमनाला बुगड समोर येणार हाय," दादा म्हणाला. "त्याला झोपवंल असलं गाणं पायजे. जुन्यात कर. मग तुला कुटं मरायचं तितं मर."

"गाणं करू. पण नव्यातच."

त्यानं पुन्हा हात उचलला. उस्मान मधे आला. "धीरज, नव्यात काय आनि जुन्यात काय, वाजणार आपल्याच ट्रॉलीवर न्हवं? करू दे की."

दादानं हात खाली घेतला. "एक सांगतो, सारके. गेल्या साली बुगडाला हरवलेलं गाणं समदं त्यात आलं पायजे. एकबी पट्टी कमी न्हाई. मी मोजून घेनार."

आमच्याकडं दोन मंडळांचे गणपती एका चौकात समोरासमोर आले की दोन्ही डॉल्बी तोंडाला तोंड लावून उभ्या राहतात. त्याला आमनेसामने म्हणतात. वर्षभर चोरून केलेली गाणी तिथं निघतात. कोण जिंकलं ते ठरवायला पंच लागत नाही. ज्याला आपण बुडालो असं वाटतं तो मालक आपणहून आपला आवाज खाली घेतो आणि समोरच्याचं गाणं सगळ्या चौकाला ऐकू देतो. पडतीतही ऐट असते, आणि ती ऐट न दाखवणाऱ्याला पुढं कुणी विचारत नाही. गेल्या सालासारखाच त्या वर्षीही दादासमोर होता सम्राट साऊंडचा बुगड. उंच, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्यानं एकदा बिल बुडवणाऱ्याचे पुढचे दात काढून त्याच्याच खिशात घातले होते, असं लोक सांगायचे. खोटं वाटायचं नाही.

गाण्यातला प्रत्येक आवाज, ताशा, ठेका, हाक, कॉम्प्युटरच्या पडद्यावर आपापल्या वेगळ्या पट्टीवर असतो. गेल्या सालच्या त्या गाण्यात एक पट्टी होती ती वाजलेली नव्हती. दादानं पिऊन एक शिवी रेकॉर्ड केली होती, बुगडाच्या बायकोवरून. ती बाई त्याला सोडून मिरजेला निघून गेली होती आणि गावात त्या विषयावर कुणी मोठ्यानं बोलत नसे. उस्माननं तेव्हा दादाच्या पायावर डोकं ठेवलं होतं, म्हणून दादानं ती पट्टी बंद केली. काढून मात्र टाकू दिली नाही. "असू दे. कवातरी लागंल," म्हणाला.

आता पट्टी मोजून घेणार म्हटल्यावर तीही मला नव्यात आणावी लागली. आणल्या आणल्या मी पहिलं काम केलं ते तिचं तोंड बंद करायचं. जुन्यात प्रत्येक पट्टीला एक बारका दिवा असायचा; दिवा लागला की पट्टी वाजते, विझला की गप्प. नव्यात बरोबर उलटं. दिवा लागला म्हणजे पट्टी मुकी. सवय होईपर्यंत मीही चार वेळा फसले होते. सगळ्या पट्ट्यांत त्या एकीवर मी दिवा लावला आणि गाणं करायला घेतलं.

गाणं झालं. असं झालं की माझं मलाच खरं वाटेना.

आगमनाच्या दिवशी दुपारी दादा गाणं न्यायला आला. आई शेडवर गेली होती. मी स्पीकरवर लावून दिलं. तो उभ्यानं ऐकत होता. ताशा सुटला तेव्हा त्याचा पाय हलायला लागला, मग खांदे, मग तो चक्क हसला. कितीतरी दिवसांनी माझ्यासमोर हसला. मला इतकं बरं वाटलं की सांगायची सोय नाही. मग गाणं संपलं आणि त्याचं हसू गेलं.

"माझी हाक कुटं हाय?"

"न्हाई घातली."

"का?"

"गाणं तुझं न्हाई म्हणून."

लाथ पोटात बसली. मी खुर्चीसकट मागं पडले. त्यानं मला बखोटीला धरून फरपटत स्वयंपाकघरात नेलं. दाराची चौकट मी धरली तर त्यानं दार ओढून बोटांवर घातलं, मग बोटं आपोआप सुटली. बाहेरून कडी लागली. मी पोट धरून ओट्याला टेकून बसले आणि ऐकत राहिले. तो खुर्ची उचलून टेबलापाशी बसल्याचं कळलं. माऊसची टिकटिक सुरू झाली. शिव्या चालू होत्या, त्या सॉफ्टवेअरला की मला ते काही कळत नव्हतं. बराच वेळ गेला. शेवटी त्याची हाक ऐकू आली: 'डीजे धीरज, इचलकरंजी.' जमलं होतं त्याला.

"झालं बघ," तो दारापाशी येऊन म्हणाला. "लई मोठं श्यानपन शिकवत होतीस." आणि पुन्हा टेबलाकडं गेला. मग एकदम त्याचा आवाज बदलला. "सारके. ही शिवी चालू ठेवलीस व्हय गं? दिवा लावून? मारायला निघालीस काय मला?"

मी ताडकन उठले. "दादा, ती बंदच हाय."

"मला दिसंना व्हय? दिवा लागलाय ढळढळीत."

"लागलेला दिवा म्हंजे बंद. ह्यात उलटं असतंय. बाकीच्यांचे बघ की, सगळे इझलेले हाईत आनि सगळ्या वाजायल्यात. हात लावू नको त्याला."

"गप बस. बुगडाकडनं हाडं मोडून घ्यायची म्हंजे तुझं मोकळं."

"दादा, आईची शपत. मगाशी गाण्यात ऐकू आली काय तुला? एकदा वाजवून बघ."

बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. उस्मान बोलवायला आला होता. माऊस एकदाच टिकटिकला.

"केली बंद," दादा म्हणाला. "तुझा बेत फसला, सारके."

मी दारावर मुठी आपटल्या, लाथा घातल्या, उस्मानच्या नावानं ओरडले. ट्रॅक्टरच्या आवाजापुढं कुणाला काय ऐकू जाणार. माणूस ज्याला भितो तेवढंच बघतो. बाकीचे विझलेले दिवे त्याला दिसलेच नाहीत. आणि मी खरं सांगते आहे हे त्याच्या डोक्यात शिरण्याची सोय त्यानंच ठेवली नव्हती.

आई आली तेव्हा माझ्या हाताची सालटी निघाली होती. तिनं कडी काढली, माझं तोंड बघितलं आणि 'काय झालं' विचारण्याच्या आत मी तिला ओलांडून पळत सुटले. पायात चप्पल नव्हती.

चौकात पोचले तेव्हा दोन्ही डॉल्बी तोंडाला तोंड लावून उभ्या होत्या. आवाज छातीत मावत नव्हता. दुकानांचे पत्रे थरथरत होते. गुलालानं माणसांना चेहरे उरले नव्हते. मी कोपरं मारत, शिव्या खात, ट्रॉलीपर्यंत शिरले. वर दादा एका हातात माईक घेऊन नाचत होता. उस्मान मिक्सरपाशी होता. मी दोन्ही हात हलवले, गळ्यावरून हात फिरवून 'बंद कर, बंद कर' अशी खूण केली. उस्माननं बघितलं. त्याला काही कळलं नाही, पण माझ्या कपड्यांवरचं रक्त दिसलं असावं. तो वाकला आणि मला वर घ्यायला हात पुढं केला. मी ट्रॉलीच्या कडेला पाय दिला. तेवढ्यात दादानं मला पाहिलं. आपला तमाशा करायला आलीय असं त्याला वाटलं असणार. त्यानं बुटाचा पाय माझ्या छातीवर ठेवला आणि ढकललं.

मी डांबरावर पाठीवर पडले. कुणाचा तरी पाय माझ्या हातावर पडला, कुणाचा मांडीवर. उठायची धडपड करत होते तेवढ्यात वर माझं गाणं सुरू झालं.

काय सांगू. मी ते घरच्या दोन डबड्या स्पीकरवर केलं होतं. त्या ढिगाएवढ्या खोक्यांतून ते मी पहिल्यांदा ऐकत होते. उस्मानचा ताशा निघाला आणि सगळा चौक एक पाऊल मागं सरकला, मग एकदम पुढं आला. तो रेंगाळला तिथं हजार माणसं रेंगाळली. तो पेटला तिथं पेटली. मधे दादाची हाक आली तीही मला टोचली नाही. मी ज्या कामाला आले होते ते विसरून, पाय तुडवले जात असताना, खाली बसल्या बसल्या रडत होते. आयुष्यात इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता.

समोरच्या ट्रॉलीवर बुगड होता. तो डोकं जरा तिरकं करून ऐकत होता. मग त्यानं आपल्या माणसाकडं न बघता हात खाली दाबला. सम्राट साऊंडचा आवाज उतरला, आणखी उतरला, बंद झाला. रीतच ती. चौकानं शिट्ट्या मारल्या. बुगडानं छातीवर हात ठेवून दादाला मान लववली. चौकात आता एकट्या माझ्या गाण्याचा आवाज होता. ताशा थांबवून मी जिथं सगळ्यांचा श्वास अडकवला होता, त्या शांततेत दादाच्या जाड आवाजातली ती शिवी आली. बुगडाचं नाव, त्याच्या बायकोचं नाव, आणि पुढचं. एकही शब्द कुणाचा चुकला नाही.

पुढची शांतता फार लहान होती.

बुगडाची माणसं मांडवाचे लोखंडी पाइप घेऊन आली. पहिला पाइप उस्मानला बसला, कारण तो दादाच्या पुढं आला. त्याचं डोकं फुटलं ते मला दिसलं. तो मिक्सरवर पालथा पडला आणि गाणं तुटलं. स्पीकरचे खोके ट्रॉलीवरून ढकलले गेले, एक पोरांच्या घोळक्यावर पडला, आणि किंकाळ्या सुरू झाल्या. दादाला केसाला धरून खाली ओढला. पाइप पाठीवर, गुडघ्यांवर, पुन्हा पाठीवर. तो चाकाखाली सरपटत शिरला, त्याला पायाला धरून बाहेर काढला. माईक अजून त्याच्या मुठीत होता आणि एक खोका अजून जिवंत होता, म्हणून त्याचं कण्हणं सगळ्या चौकाला ऐकू येत होतं. गर्दीतला एक माणूस 'पोलीस, पोलीस' ओरडत पळाला. बाकी कुणी हललं नाही.

आणि मग दादा माईकमधे ओरडला.

"मी न्हाई केलं! माझ्या भनीनं केलंय! सारिकानं! समदी गानी तीच करतीया, सुरवातीपासनं. मला काय येत न्हाई त्यातलं!"

माझं नाव चौकभर घुमलं. पाच-सहा वर्षं मी ज्याची वाट बघितली ते असं आलं. त्याचं बोट माझ्याकडं होतं.

मला दोघांनी दंडाला धरून उचललं. एकानं तोंडावर मारलं, माझा ओठ दातांत घुसला. बुगड खाली उतरून येत होता. गर्दी त्याला वाट देत होती.

"सोडा तिला," तो म्हणाला. त्याच्या हातात पाइप होता, पण तो खाली. त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. माझे अनवाणी पाय, कपाळावरची खपली, सुजलेली बोटं, सगळं. "दोन वरसं मी ज्या गान्यांपुढं आवाज खाली घेतोय, ती तू केलीस?"

"व्हय."

"आजचं?"

"आजचंबी. समदं माझं."

कुणीतरी मागं हसलं. बुगडानं मान वळवून बघितल्यावर ते हसू थांबलं.

"आनि शिवी?" तो म्हणाला. "आवाज त्याचा हाय, ते बहिऱ्यालाबी कळंल. मी इचारतोय, आज ती चालू कुणी केली? तू?"

दादा चाकापाशी पडल्या पडल्या माझ्याकडं बघत होता. त्याच्या नाकातोंडातून रक्त येत होतं. उस्मान ट्रॉलीवरून मान हलवत होता, सावकाश, नको नको अशी. 'चुकून माझ्या हातून राहिली,' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. बुगड मला मारणार नव्हता, ते मला त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. नाहीतर निदान अख्खं सांगायचं: तो बंद करायला गेला होता, त्याला येत नाही, त्याला नव्यातलं काही कळत नाही. तेही खरंच होतं.

"मी बंद ठेवली होती," मी म्हणाले. "आज दुपारी मला कोंडून दादा बसला मशिनवर. त्यानं चालू केली."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

बुगडानं मान हलवली, मघाशी गाण्याला हलवली होती तशीच. "उजवा हात धरा त्याचा," तो म्हणाला. दोघांनी दादाचा हात ट्रॉलीच्या लोखंडी कडेवर ताणून धरला. दादा माझ्या नावानं ओरडत होता. मी तोंड फिरवलं नाही. पाइप दोनदा आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा तो ओरडायचा थांबला होता.

दवाखान्यात आई कॉटच्या पायथ्याशी बसून राहायची आणि माझ्याशी बोलायची नाही. उस्मानला डोक्यात टाके पडले होते, तो शेजारच्याच वॉर्डात होता. दादाच्या हाताचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी अंगठा हलेल म्हटलं, बाकीच्या बोटांचं काही सांगितलं नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आई चहा आणायला गेली, तेव्हा त्यानं डोळे उघडले.

"मी बंद करायला गेलतो," तो म्हणाला. "तुला ठावं होतं."

"व्हय."

"मग त्याला सांगितलं का न्हाईस?"

"तुला सांगितलं होतं. दाराआडनं."

त्यानं मान छताकडं वळवली. मला वाटलं आता शिव्या देईल, उठता आलं असतं तर उठलाही असता. माझं अंग आपोआप आक्रसलं होतं, इतक्या वर्षांची सवय. पण त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून कानांत जायला लागलं आणि त्याला पुसता येईना, कारण एक हात प्लास्टरमध्ये आणि दुसऱ्याला सलाईन. मी पदरानं पुसलं. तो माझा भाऊच होता. वडील गेले त्या वर्षी माझ्यासाठी जुना कॉम्प्युटर त्यानंच डोक्यावरून वाहून आणला होता.

"सारे," तो म्हणाला. लहानपणानंतर त्यानं मला तसं कधी म्हटलं नव्हतं. "आता ट्रॉलीवर हुबं ऱ्हाऊन जमायचं न्हाई. डावा हात हाय अजून. ते तुझं नवं... मला शिकवशील? हळूहळू. मी मारनार न्हाई. बसून शिकंन."

त्यानं माझ्याकडून आजवर सगळं हिसकावूनच घेतलं होतं. मागितलं असं ते पहिल्यांदा. आणि मागताना त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला कॉटवर वाकावं लागलं. मला माहीत होतं की तो खरं बोलतोय. शिकला असता. मन लावून शिकला असता.

"न्हाई," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी कोल्हापूरला गेले, नलवड्यांकडं. नव्यात केलेली दोन कामं आधीची होती, तिसरं म्हणून ते चौकातलं गाणं नेलं, दादाची हाक आणि ती पट्टी काढून टाकून. त्यांनी मला कामावर ठेवून घेतलं. मग पुणं, मग मुंबई. उस्मान अजून माझ्याकडं ताशा वाजवायला येतो. दादा घरीच असतो, आईसोबत. वर्षातून एकदा, दिवाळीत भाऊबीजेला, मी जाते. तो डाव्या हातानं ओवाळणी घालतो, आणि मी निघताना दारात उभा राहून दर वर्षी तेच विचारतो. मी दर वर्षी नाहीच म्हणते.